पाहणे आणि टिपणे



गेल्या आगमनकाळातल्या दुसऱ्या रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर आम्ही नेहमीप्रमाणे घोषणा वाचल्या. गोठ्यांच्या स्पर्धेची तारीख, पापनिवेदनाच्या वेळा, आणि घरी असलेल्या आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद कोणत्या दिवशी नेणार ते. कागदावर एवढ्या तीनच घोषणा होत्या. चौथी आम्ही आमच्या मनाने केली, आणि आजचा हा लेख त्या चौथ्या घोषणेविषयी आहे.

आदल्या संध्याकाळी गायनवृंदाचा सराव संपल्यावर कॉलेजात शिकणारा आपला एक मुलगा आमच्याकडे आला होता. त्याला पक्ष्यांचा नाद आहे. खाजणाकडच्या शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारेवर दोन दिवस एक अमूर ससाणा बसतो, असे त्याने सांगितले. दुर्बीण घेऊन तो आम्हांला तिथे घेऊनही गेला. मावळतीला अर्धा तास होता. बांधावरूनच आम्ही तो पाहिला. पाटीसारखा करडा रंग, मांड्यांवर विटकरी पिसे, नारिंगी पाय. पारव्याहून लहान, वजनाने दीडशे ग्रॅमच्या आसपास. तारेवरून सुटायचा, हवेतल्या हवेत चतुर पकडायचा आणि पुन्हा जागेवर येऊन बसायचा. परतताना मुलगा म्हणाला, "फादर, इतक्यात कुणाला सांगू नका. त्याला दोन-तीन दिवस पोट भरू द्या."

आम्ही मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी वेदीजवळून, ध्वनिक्षेपकावर, साऱ्या धर्मग्रामाला सांगून टाकले. रशिया आणि चीन यांच्या सीमेवरच्या अमूर नदीच्या मुलखातून एक पाहुणा आपल्या गावात उतरला आहे, असे आम्ही मोठ्या अभिमानाने म्हणालो. जागाही सांगितली. हेतू वाईट नव्हता. निर्मितीचे कौतुक करायला भाविकांनी जावे, असे वाटले. पण खरे सांगायचे तर, ही बातमी आमच्या तोंडून बाहेर पडावी याचीही गोडी त्यात होती.

दुपारपर्यंत बांधावर मोटारसायकली लागल्या. सोमवारी शहरातून गाड्या आल्या. काहींच्या हातात हातभर लांबीची भिंगे होती, बहुतेकांच्या हातात नुसते मोबाइल. मोबाइलमध्ये तारेवरचा पक्षी ठिपक्याएवढा दिसतो, म्हणून माणसे पुढे सरकू लागली. बांध सुटला आणि पावले शेतात पडली. भात कापून झाल्यावर उरल्या ओलीवर टोकलेल्या वालाला तेव्हा नुकती चार-चार पाने फुटली होती. मग कुणाला उडतानाचे छायाचित्र हवे झाले. पक्षी उडेना, म्हणून एकाने ढेकूळ भिरकावले. मग दुसऱ्याने. मंगळवारी सकाळी तार रिकामी होती.

ते शेत आपल्याच धर्मग्रामातल्या एका आजींचे आहे. बुधवारी त्या मिस्सेनंतर थांबल्या. तक्रारीचा सूर नव्हता. एवढेच म्हणाल्या, "फादर, सगळे पाखरू बघायला आले. खाली रोप होते, ते कुणी बघितले नाही."

त्या वाक्याने आम्हांला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ज्या प्रश्नावर आम्ही पाने भरून उत्तरे लिहिली होती, तोच प्रश्न आजींनी वालाच्या शेतातून उचलून आमच्या हातात ठेवला होता. पाहण्याने कुणाचे काही जाते का?

सहज उत्तर आहे, नाही. पेरू खाल्ला तर संपतो, पाहिला तर संपत नाही. शंभर जणांनी चंद्र पाहिला म्हणून तो झिजत नाही. म्हणूनच जुन्या तत्त्वज्ञांनी सर्व इंद्रियांत डोळ्याला मान दिला. ॲरिस्टॉटलने आपल्या तत्त्वज्ञानाच्या मोठ्या ग्रंथाची सुरुवातच माणसाच्या जाणण्याच्या ओढीने केली आहे, आणि त्या ओढीचा पुरावा म्हणून दिले आहे आपले पाहण्याचे प्रेम. काही उपयोग नसतानाही माणसाला पाहायला आवडते, असे त्याचे निरीक्षण आहे. संत थॉमस अक्विनास यांनी हा विचार पुढे नेताना सिंहाचे उदाहरण घेतले आहे. सिंहाला हरिण दिसले की आनंद होतो, पण तो हरणाच्या रूपाचा नसतो, पुढे मिळणाऱ्या जेवणाचा असतो. माणूस मात्र हरणाकडे पाहून, ते पोटात घालण्याचा विचारही मनात न आणता, नुसता सुखावू शकतो. इतर प्राण्यांहून आपले वेगळेपण संत थॉमस यांना या छोट्याशा गोष्टीत दिसले.

आता त्या सोमवारचे शेत डोळ्यांसमोर आणा. ससाण्याकडे पाहणाऱ्या त्या डोळ्यांत माणसाचा आनंद किती होता, आणि सिंहाचा किती?

आपली मराठी भाषा याबाबत फार प्रामाणिक आहे. छायाचित्र 'टिपतात' असे आपण म्हणतो. पण पाखरू दाणे टिपते, तेव्हाही हेच क्रियापद, आणि शिकारी पाखराला टिपतो, तेव्हाही हेच. दाणा टिपला की तो चोचीत जातो. पाखरू टिपले की ते पिशवीत जाते. छायाचित्र टिपले की ते खिशात जाते. तिन्ही ठिकाणी बाहेरची वस्तू 'माझी' होते. पाहण्यात मी वस्तूकडे जातो. टिपण्यात वस्तू माझ्याकडे येते. दोन्ही क्रिया डोळ्यांनीच होतात, म्हणून त्या एकच आहेत असा आपला समज होतो. चंद्र पाहण्याने चंद्राचे काही जात नाही हे खरे. पण टिपण्यासाठी जवळ जावे लागते, उडवावे लागते, थांबवावे लागते, आणि त्याची किंमत कुणीतरी मोजतो. इथे ती आधी वालाने मोजली, मग पाखराने.

पाखराने ती कशी मोजली, हे समजण्यासाठी त्याचा प्रवास ठाऊक हवा. अमूर ससाणे उन्हाळ्यात रशियाचा पूर्व भाग आणि ईशान्य चीन इथे पिल्ले वाढवतात आणि हिवाळा दक्षिण आफ्रिकेकडच्या गवताळ मुलखात काढतात. वाटेत ईशान्य भारतात त्यांचा मोठा मुक्काम असतो. २०१३ पासून काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी लहान यंत्रे बसवण्यात आली. त्यांवरून कळले की हे पक्षी भारत ओलांडून पश्चिम किनाऱ्यावरून अरबी समुद्रावर झेपावतात आणि सोमालियाचा किनारा येईपर्यंत कुठे टेकत नाहीत. सुमारे तीन हजार किलोमीटर, दिवसरात्र. वाटेत समुद्रावरून जाणारे चतुर त्यांना खायला मिळत असावेत, असे अभ्यासकांना वाटते. पण मुख्य शिदोरी अंगावरच्या चरबीची. आपल्या शेतावरच्या तारेवर बसलेला तो जीव सहलीला आलेला नव्हता. समुद्राआधीची शेवटची भाकरी खात होता. प्रत्येक ढेकळासरशी त्याने जी भरारी घेतली, ती त्या भाकरीतून वजा झाली. तो मंगळवारी ढेकळांमुळे गेला की जाणारच होता, हे आम्हांला सांगता येणार नाही. पोट भरून गेला की अर्धपोटी, हेही आता कुणाला कळणार नाही.

बायबलमध्ये या विषयावर पुष्कळ आहे. फक्त आपण त्या नजरेने वाचत नाही. अनुवादाच्या पुस्तकात एक लहानशी आज्ञा आहे (अनुवाद २२:६-७). वाटेत पाखराचे घरटे आढळले आणि आई पिल्लांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिल्लांसह आईला घेऊ नये, तिला जाऊ द्यावे. घेण्याला सरसकट मनाई नाही, पण हात कुठे थांबला पाहिजे ती रेघ आखून दिली आहे. जळत्या झुडपाचा प्रसंग आठवा (निर्गम ३). हे काय नवल आहे ते पाहावे, म्हणून मोशे वाट सोडून वळतो. परमेश्वर त्याच्या कुतूहलावर रागावत नाही. उलट तो वळला हे पाहूनच त्याला नावाने हाक मारतो. पण लगेच सांगतो, इथून पुढे येऊ नकोस आणि पायांतली पायताणे काढ. म्हणजे पाहायला ये, पण पायांकडे लक्ष दे. आजी आम्हांला दुसरे काय सांगत होत्या?

उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी आपण प्रभूच्या रूपांतराचे शुभवर्तमान ऐकतो. पर्वतावर प्रभूचे तेज पाहून पेत्र भारावतो आणि तीन मंडप उभारू या म्हणतो. क्षण इतका सुंदर आहे की तो धरून ठेवावा, बांधून ठेवावा असे त्याला वाटते. आज पेत्र असता तर त्याने खिशातून मोबाइल काढला असता, असे म्हटले तर तो प्रेषिताचा अपमान होणार नाही, कारण आपण सगळे पेत्रच आहोत. ढगातून येणारी वाणी मंडपाविषयी काहीच बोलत नाही. ती एवढेच सांगते, की याचे ऐका.

इथे कुणी म्हणेल, फादर, तुम्ही कॅमेऱ्यालाच पाप ठरवायला निघालात. तसे अजिबात नाही, आणि तसे म्हणणे अन्यायाचे होईल. याच अमूर ससाण्याची हकिगत त्याला साक्षी आहे. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाच्या जलाशयावर हे ससाणे दर ऑक्टोबरात मोठ्या थव्यांनी उतरतात. २०१२ साली तिथे मासेमारीची जाळी उंच बांधून ते पकडले जात आणि विकले जात. त्या हंगामात एक लाखाहून अधिक पक्षी मारले गेले असावेत, असा अंदाज आहे. ही गोष्ट जगाला कळली ती काही जणांनी तिथे जाऊन केलेल्या चित्रणामुळे. जाळ्यात लटकलेल्या पाखरांची ती छायाचित्रे पाहून लोक हादरले. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, पांगती आणि आसपासच्या गावांनी शिकार बंद केली आणि त्या हंगामात तिथे शिकार झाली नाही. ही गावे ख्रिस्ती आहेत, बहुतांशी बाप्टिस्ट पंथाची. ग्रामसभा, वनखाते, निसर्गसंस्था यांच्याबरोबर तिथल्या चर्चनेही लोकांची मने वळवण्याचे काम केले. हेही ध्यानात घेऊ या की ते शिकारी म्हणजे कुणी राक्षस नव्हते. त्यांतल्या कित्येकांच्या शेतजमिनी त्या धरणात बुडाल्या होत्या, आणि पाखरे हे हाताशी आलेले उत्पन्न होते. तरी त्यांनी ते सोडले. आपल्याला तर एक छायाचित्र सोडायचे होते!

आपल्या मुंबईचे थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या पक्षिप्रेमाची सुरुवातही एका मारलेल्या पाखरापासून झाली. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारण्यासाठी १९०८ मध्ये ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पुढचे सारे आयुष्य त्या प्रश्नाच्या मागे गेले. मारण्याचे हत्यार हातात असतानाही त्यांच्या मनात प्रश्न उगवला. उलट, निरुपद्रवी यंत्र हातात असताना आपल्या मनात काहीच उगवत नाही, असेही होऊ शकते. तेव्हा निवाडा यंत्राचा करायचा नाही, मनाचा करायचा आहे.

संत थॉमस यांनी या मनाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक अभ्यासू वृत्ती, जिला ते सद्गुण मानतात. दुसरे हावरे कुतूहल, ज्याला ते दोष म्हणतात. दोघांनाही जाणून घ्यायचे असते, पण अभ्यासू माणूस जाणण्याच्या इच्छेला वळण लावतो, आणि हावरा तिच्यामागे फरपटत जातो. संत अगस्टीन यांनी तर 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या दहाव्या भागात स्वतःचीच झडती घेतली आहे. रानातून जाताना सशामागे धावणारा कुत्रा दिसला, घरात बसले असता पाल माश्या पकडताना दिसली, की आपले मन देवापासून निसटून तिकडे कसे पळते, हे ते लिहितात. मात्र पाल पाहणे हे पाप, असे ते म्हणत नाहीत. पालीवरून निर्मात्याकडे मन गेले तर उत्तमच. पण आपले मन आधी तिथे गेले नव्हते, हे ते कबूल करतात. एवढ्या मोठ्या बिशपांनी पालीविषयी कबुली दिली आहे, तर आम्ही ससाण्याविषयी द्यायला हरकत नाही.

यातून आम्ही स्वतःसाठी तीन प्रश्न तयार केले आहेत. आपल्यालाही उपयोगी पडतील म्हणून इथे देतो.

पहिला प्रश्न : हातात कॅमेरा नसता तर मी इथे आलो असतो का? उत्तर 'हो' असेल, तर कॅमेरा खुशाल आणावा. 'नाही' असेल, तर मी त्या जिवाला भेटायला आलेलो नाही, त्याची पावती न्यायला आलो आहे.

दुसरा प्रश्न : याची किंमत कोण मोजतो आहे? छायाचित्र मला फुकट मिळते, म्हणून ते फुकटचे असते असे नाही. पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यांना फसवून बाहेर बोलावणे, घरट्यासमोरच्या फांद्या तोडणे, आमिष टाकणे, ढेकूळ मारणे, यांत किंमत पाखरू मोजते. कुंपण ओलांडण्यात ती शेतकरी मोजतो. जो मोजतो त्याला आपण विचारलेले नसते.

तिसरा प्रश्न : हे मी कुणाला सांगणार, आणि का? चौथी घोषणा करण्याआधी हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला असता, तर हा लेख लिहावा लागला नसता. खरे बोलणे हा सद्गुण आहे, पण प्रत्येक खरी गोष्ट प्रत्येक वेळी बोलायची नसते, हे पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाला तरी ठाऊक असायला हवे होते.

हे प्रश्न शेतापुरते नाहीत. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी आपले लेकरू वेदीसमोर उभे असते आणि त्याला आईवडिलांच्या डोळ्यांऐवजी मोबाइलची रांग दिसते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ८ नोव्हेंबर २०१७ रोजी भाविकांशी बोलताना यावर खंत व्यक्त केली होती. धर्मगुरू अंतःकरणे उंच करायला सांगतात, मोबाइल नव्हे, असे त्यांनी बजावले, आणि धर्मगुरू व बिशपही यातून सुटलेले नाहीत हेही सांगितले. आम्हीही सुटलेलो नाही. गरिबांना ब्लँकेटे वाटताना आपण छायाचित्र काढतो. घेणाऱ्याची मान खाली आणि देणाऱ्याचा चेहरा समोर, अशी ती छायाचित्रे याच पत्रिकेत छापून आलेली आहेत. तिथे कोण कुणाला टिपत होते? त्या घेणाऱ्यांपैकी एकालाही आम्ही विचारले नव्हते. यापुढे अशी छायाचित्रे या पत्रिकेत येणार नाहीत.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. आम्ही सगळे धावलो ते पाखरू दुर्मिळ होते म्हणून. आपल्या अंगणातल्या चिमणीसाठी आम्ही कधी घोषणा केली नाही. प्रभू येशूचा हिशेब नेमका उलटा आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या विकल्या जातात (१०:२९), आणि लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच (१२:६). म्हणजे पाचवी चिमणी बाजारात वरकड म्हणून फुकट जाते. देव तिलाही विसरत नाही, असे प्रभू सांगतो. आपण दुर्मिळतेवरून मोल ठरवतो. देव जिला काहीच मोल उरलेले नाही, तिचीही आठवण ठेवतो. वालाचे रोप काही दुर्मिळ नसते. शेतात राबणाऱ्या म्हाताऱ्या बाईही आपल्या गावात दुर्मिळ नाहीत, निदान अजून तरी.

झाल्याची भरपाई आम्ही आमच्या परीने केली. जक्कय प्रभूला भेटल्यावर नुसता रडला नाही. किती परत करणार ते त्याने आकड्यात सांगितले. आम्ही नुकसानीचे पैसे दिले आणि आजींनी ते घेतले. घेतले हे फार बरे झाले; नको म्हणाल्या असत्या तर आम्हांला उगाच हलके वाटले असते. युवक संघाच्या मुलामुलींनी एका शनिवारी तुडवलेल्या जागी पुन्हा वाल टोकला. पण जमिनीतली ओल तोवर उतरली होती. थोडा उगवला, बराचसा नाही. खाजणाकडे गेलात तर शेताच्या मधोमध ती मोकळी पट्टी तुम्हांला दिसेल. बांधावरूनच पाहा.

त्या कॉलेजच्या मुलाचीही आम्ही क्षमा मागितली. त्याने एक गोष्ट सांगितली, जी आम्हांला ठाऊक नव्हती. तो पक्षी त्याला आधी आजींनी दाखवला होता. त्याच्या कितीतरी आधीपासून त्या रोज निंदायला जाताना पाखराला पाहत होत्या. ते सकाळी कोणत्या तारेवर बसते, दुपारी कुठे जाते, कावळे आले की काय करते, सारे त्यांनी त्याला सांगितले. त्यांच्याकडे मोबाइल आहे, मुलाने घेऊन दिलेला. त्याने फोटो काढता येतो का, असे त्याने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "येत असेल. पण ते बसलेय, आपण कशाला उठवा?"

या उपवासकाळात आपण मांस टाळतो, काही जण चहा सोडतात. त्याला डोळ्यांच्या उपवासाची जोड देता येईल का, ते पाहू या. दिवसातून एक तरी सुंदर गोष्ट अशी पाहावी, जी आपण टिपणार नाही, कुणाला पाठवणार नाही, आणि जिच्यासाठी फक्त देवाचे आभार मानू. ससाणा या वेळेला दक्षिण आफ्रिकेच्या गवतावर असेल, प्रभूच्या कृपेने सुखरूप पोहोचला असेल तर. पुढल्या आगमनकाळात तो, किंवा त्याच्या जातीचा दुसरा एखादा, पुन्हा आपल्या तारेवर उतरला, तर त्या रविवारी घोषणा तीनच होतील.

प्रभूचा आशीर्वाद तुम्हां सर्वांवर असो.

आपले धर्मगुरू